चंदगड तालुक्यातून पोराने ट्रेड शिकायचा तर कुठे?

हलकर्णीचा_मामा
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असतो, पण आता गरज पडली.

भाच्याचा दहावीचा निकाल लागला, ५४ टक्के. घरात कोणी रडलं नाही आणि पेढेही वाटले नाहीत. पोरगं अभ्यासात बेताचं, पण हात चांगला आहे. शेजाऱ्याच्या बोअरच्या स्टार्टरचा कॉन्टॅक्टर त्याने नववीत असताना बदलून दिला होता (मेन बंद करून, हे त्याने मला तीनदा सांगितलं). अकरावीला घालून दोन वर्षं वाया घालवण्यापेक्षा ट्रेड शिकवावा, असं बहिणीचं आणि माझं मत आहे. दाजींचं मत वेगळं, पण ते ऊसतोडीच्या काळातच मत मांडतात.

प्रश्न असा की आमच्या भागात पर्याय मोजके. तालुक्याच्या सरकारी आयटीआयमध्ये ट्रेड थोडे आणि इलेक्ट्रिशियनची यादी वरच्या टक्क्यांवर बंद होते. गडहिंग्लजला रोज जाऊन-येऊन होईल, पण एसटीच्या वेळा जुळत नाहीत. कोल्हापूरला खोली घ्यावी लागेल. बेळगाव तासाभरावर आहे, सगळा बाजारहाट तिथेच, पण राज्य वेगळं. मी घाटकोपरला, त्यामुळे फोनवरून काय ते. कोणी यातून गेलंय का?

ओव्हरटाइम
आधी एक काम करा. ऑनलाइन अर्ज भरला म्हणजे झालं असं समजू नका. जवळच्या कुठल्याही सरकारी आयटीआयमध्ये मूळ कागद घेऊन जाऊन अर्ज 'निश्चित' करून घ्यावा लागतो. दरवर्षी एवढ्यासाठी किती पोरं यादीतून गळतात. माझा चुलतभाऊ त्यातला एक. यादीत नाव शोधून शोधून मोबाइलची काच झिजवली त्याने.

रानमेवा
आणि विकल्प भरताना पहिल्या नंबरवर काय टाकता ते नीट बघा. पहिल्या पसंतीची जागा लागली की प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. 'बघू तरी लागतंय का' म्हणून गंमत करायची नाही तिथे.

कॉलर_ताठ
५४ टक्के म्हणजे डिप्लोमा का नाही बघत? आयटीआय म्हणजे शेवटी पान्हाच हातात. आजकाल कागदाला किंमत आहे.

शेगडा
@कॉलर_ताठ, पान्हा हातात आहे म्हणूनच घर चालतंय आमचं. मी फिटर, २००९ ची बॅच. बंगला नाही, पण कर्जही नाही.
डिप्लोमाचं म्हणाल तर तो रस्ता बंद होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आमच्या बॅचचे तिघे तसे गेले. वर्कशॉपमध्ये ते बाकीच्यांना शिकवायचे आणि गणितात बाकीचे त्यांना.

कॉलर_ताठ
बरं बरं. मी फक्त विचारलं.

निवृत्त_निदेशक
३१ वर्षं सरकारी आयटीआयमध्ये काढली, आधी निदेशक, शेवटची काही वर्षं गटनिदेशक. जोडारी (फिटर) माझा ट्रेड. म्हणून थोडं लांबण लावतो.

मामा, तुम्ही विचारताय 'कुठे', आणि बहुतेक लोक सांगतील 'कोणता'. ट्रेडच्या नावापेक्षा तो शिकवणारा माणूस जागेवर आहे का, हे आधी बघा. आमच्याकडे एकेका ट्रेडची पदं वर्षानुवर्षं रिकामी राहतात. मग तासिका तत्त्वावर कोणीतरी येतं, चार महिन्यांनी दुसरीकडे लागलं की जातं. पोरं मधल्या काळात कट्ट्यावर. कागदावर दोन्ही ठिकाणी इलेक्ट्रिशियन तोच, अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच. पण एकात पोरगं पॅनेल बांधायला शिकतं आणि दुसऱ्यात पॅनेलचं चित्र काढायला.

म्हणून प्रवेशाआधी पोराला घेऊन संस्थेत जा. सकाळी अकराच्या सुमारास, वर्कशॉप चालू असताना. लेथच्या बेडवर तेल आहे की धूळ, ते बघा. शेगडे (व्हाइस) किती आणि त्यातल्या कितींचे जबडे धड आहेत ते बघा. कपाटात मागच्या वर्षीच्या पोरांनी केलेले जॉब ठेवलेले असतात, ते मागा. व्ही-ब्लॉक, मेल-फीमेल फिटिंग, काय असेल ते. कपाटाची किल्ली सापडत नसेल तर काय ते समजा. वर्षभरात कच्चा माल किती वेळा आला हे शिपायाला विचारा, प्राचार्यांना नको.

आणि कागदपत्रांत एक गोष्ट. ती संस्था नाही, तर तो *ट्रेड आणि ती तुकडी* एनसीव्हीटी (व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद) संलग्न आहे का ते तपासा. संस्थेच्या बोर्डावर एनसीव्हीटी लिहिलेलं असतं आणि नवी तुकडी राज्य परिषदेची निघते. रेल्वे किंवा परराज्यातली भरती आली की तेव्हा पोरगं रडत येतं.

टांगलेला_फॅन
'शिपायाला विचारा, प्राचार्यांना नको' हे फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे सर. दंडवत.

ओव्हरटाइम
सर, ४० रुपयांची आठवण निघाली. आमच्या वेळी विद्यावेतन महिना ४० रुपये. ते घ्यायला बँकेत खातं काढायला लावलं, आणि खात्यात ठेवायची किमान रक्कम ५००!

निवृत्त_निदेशक
ते १९८३ पासून ४० वर गोठलं होतं. २०२३ मध्ये शासनाने ५०० केलं. तुमच्या बँकेच्या किमान रकमेइतकं झालं शेवटी.

बेळगावची_सून
माझं माहेर चंदगड तालुक्यातलं, सासर बेळगाव. दोन्ही बाजूंनी बोलते.
बेळगावला उद्यमबागेत काम भरपूर. फौंड्री, मशीन शॉप, हायड्रॉलिकची कामं. आयटीआयही आहेत, सरकारी आणि खासगी. खासगीवाले कोणालाही घेतात, फी मात्र त्यांची. सरकारीत जायचं तर लक्षात ठेवा, आपला महाराष्ट्राचा जातीचा दाखला तिथल्या आरक्षणाला चालत नाही. आणि वर्गात कन्नड. वर्कशॉपमध्ये निम्म्या पोरांना मराठी येते, सरांनाही येते, पण थिअरी कन्नड नाहीतर इंग्रजी. माझ्या दिराने केलं असंच, पहिले सहा महिने त्याला 'रेझिस्टन्स' सोडून काही कळायचं नाही. आता कन्नड असं बोलतो की चंदगडची माणसं त्याच्याशी बोलताना दचकतात.

माझ्या मते शिकायचं महाराष्ट्रात आणि काम शोधायचं बेळगावात. सर्टिफिकेट राष्ट्रीय असलं की राज्य कोणी विचारत नाही. शिनोळीची एमआयडीसी तर सीमेवरच आहे, कामगार दोन्हीकडून येतात.

सीमाभाग_जिंदाबाद
बेळगाव महाराष्ट्रात असतं तर हा प्रश्नच आला नसता.

टांगलेला_फॅन
आला! धागा पाचशेवर जाणार. मी शेंगदाणे भाजायला घेतो.

रानमेवा
नको रे बाबा. पोराचा प्रवेश होऊ दे आधी, मग सीमाप्रश्न सोडवू.

चाकणचा_पाहुणा
जरा कडू बोलतो. मी चाकणला एका कारखान्यात मनुष्यबळ खात्यात होतो, आता नाही. कारखान्याचं नाव सांगत नाही. आयटीआयची पोरं गाडी भरून यायची, बीड, लातूर, चंदगड, कुठूनही. शिकाऊ उमेदवार म्हणून एक वर्ष. कायदा १९६१ चा, तीस किंवा जास्त माणसं असली की शिकाऊ घ्यावेच लागतात, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. किमान विद्यावेतन आयटीआयवाल्याला २०१९ च्या नियमांत ७,००० ठरलं. त्यात चाकणला खोली, मेस आणि गावी पाठवायचे पैसे बसवून दाखवा. वर्ष संपलं की पुढची गाडी तयार. आम्ही लाइनवर उभं करायचो, नट आवळायला. वर्षभर एकच नट. फिटर म्हणून आलेला पोरगा नट आवळायचा फिटर होऊन परत जायचा.

म्हणून माझं म्हणणं, मोठ्या कंपनीच्या नावाला भुलू नका. पोरगं लहान ठिकाणी शिकाऊ राहिलं तर जास्त शिकतं.

शेगडा
अर्धसहमत. मोठ्या कंपनीत मी अप्रेंटिस केली, तिथे ट्रेनिंग सेंटर वेगळं होतं, सहा महिने लाइनला हात लावू दिला नाही. आधी कानस, मग ड्रिल, मग ग्राइंडिंग. कंपनीगणिक फरक आहे. पण पाहुण्यांनी सांगितलेलंही खरं, माझ्या रूमवरचे दोघे असेच गेले. एक आता रिक्षा चालवतो, नट अजून चांगला आवळतो म्हणतो.

हलकर्णीचा_मामा
बाप रे. एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. सरांचा प्रतिसाद बहिणीला वाचून दाखवला, ती म्हणाली हे आमच्या शाळेलाही लागू आहे.
वेल्डिंगचं कोणी सांगेल का? एक वर्षाचा आहे म्हणून दाजी तिकडे झुकलेत.

ठिणगी
मी वेल्डर. संधाता म्हणतात सर्टिफिकेटवर, गावात कोणी म्हणून बघा.
एक वर्ष, आठवी पासलाही चालतं. म्हणून लोकांना हलका ट्रेड वाटतो. ग्रिल आणि शटर करायचं तर सोपा आहे, गावागावात तेच चाललंय, एकमेकांचे दर पाडत. पैसा आहे पाइपच्या कामात. तिथे चाचणी देऊन उभं राहावं लागतं, ६जी म्हणजे पाइप तिरका बांधलेला, त्याभोवती आपण फिरायचं. ती पास झालास तर तुला बोलावून नेतात. आर्गॉन वेल्डिंग येत असेल तर आणखी. ते आयटीआयच्या एका वर्षात येत नाही, हातावर दोन-तीन वर्षं घालावी लागतात.

आणि आपल्या भागात साखर कारखाने आहेत हे विसरू नका. गाळप चालू असताना रोलरवर आर्क मारतात, रोलर फिरतोय, उसाचा रस उडतोय आणि तू होल्डर धरून. रोलर गुळगुळीत झाला की ऊस घसरतो, म्हणून चालू गाडीवर त्याला खडबडीत करायचं. ते ज्याला जमलं त्याला कारखाना सोडत नाही. हंगाम संपला की दुरुस्तीचं काम वेगळं.

डोळे मात्र सांभाळ. पहिल्या महिन्यात काच न लावता बघितलं, रात्री डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं. आई बटाट्याच्या चकत्या घेऊन बसली. डॉक्टरांकडे गेलो ते सकाळी.

काजूवाली_ताई
आमच्या काजूच्या कारखान्यात बी वाफवायला बॉयलर आहे. बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र असलेला माणूस मिळता मिळत नाही. परीक्षा बाष्पके संचालनालय घेतं, आधी कामाचा अनुभव लागतो. हे कोणी पोरांना सांगतच नाही. सगळे इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रिशियन.

अवांतर: माझ्या मुलीची नववी झालीय. मुलींसाठी जागा ३० टक्के राखीव असतात हे माहीत आहे. पण आमच्याकडे विचारलं की सगळे शिवणकाम सांगतात. तिला शिवण आवडत नाही, मिक्सर उघडायला आवडतो.

निवृत्त_निदेशक
ताई, मिक्सर उघडणारीला वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) किंवा तारतंत्रीला (वायरमन) घाला. माझ्या शेवटच्या बॅचमध्ये विसात चार मुली होत्या, त्यातली एक सबस्टेशनवर आहे. वसतिगृह आहे का आणि ते खरंच चालू आहे का, हे मात्र आधी बघून घ्या. मुलींच्या जागा रिकाम्या राहण्याचं मोठं कारण तेच असतं.

पाबळकर
कोणीच नाव काढलं नाही म्हणून लिहितो. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. तिथे एक वर्षाचा निवासी कोर्स असतो, मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाचा. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, सगळं हाताने करून. मी केला. फेरोसिमेंटची टाकी बांधली, कोंबड्या वाढवल्या आणि सगळ्याचा हिशोब लिहिला. हिशोब लिहिणं सगळ्यात अवघड होतं.
कंपनीत चिकटायचं असेल तर आयटीआयचं प्रमाणपत्र पाहिजे. गावात राहून चार कामं करून पोट भरायचं असेल तर पाबळ बघा.

कॉलर_ताठ
हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

सहज_विचारतो
बँकेची ती मोफत प्रशिक्षण संस्था असते ना जिल्ह्याला, आरसेटी? राहणं-जेवण फुकट, महिनाभरात मोटार रिवाइंडिंग शिकवतात. तिकडे का नाही पाठवत? दोन वर्षं कशाला?

रानमेवा
तिथे वय १८ पूर्ण लागतं. पोरगं १६ चं.

मोटारवाला_बंडू
आता माझ्या धंद्यावर आलात म्हणून लिहितो. माझं मोटार भरायचं दुकान आहे, आजऱ्याकडे. मी आरसेटीही केलं आणि त्याआधी चार वर्षं उस्तादाकडे काढली.

महिन्याभरात काय येतं? जळलेली मोटार खोलायची, जुनी कॉइल काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज बघायचा, स्लॉटला कागद घालायचा, नवी कॉइल भरायची, कनेक्शन, वार्निश, वाळवायची. एवढं येतं. हात बसत नाही. पण पोरगं तयार हाताचं असेल तर महिनाही पुष्कळ.

खरा माल उस्तादाच्या वहीत असतो. कोणत्या कंपनीची किती एचपीची मोटार, किती स्लॉट, किती वेढे, कोणता गेज. मोटार अशी जळून येते की कधीकधी वेढे मोजताच येत नाहीत, सगळा कोळसा. तेव्हा वही. माझ्या उस्तादाने ती चार वर्षांत मला एकदाही हातात दिली नाही. ते जेवायला गेले की मी दोन-दोन ओळी उतरवायचो. शेवटी दुकान सोडताना त्यांनी मला स्वतःहून वही दिली. बघतो तर तिच्यात कित्येक ठिकाणी माझ्याच अक्षरातल्या दुरुस्त्या! चोरून उतरवताना चुकलेलं दिसलं की मी गुपचूप दुरुस्त करायचो, त्यांना सगळं माहीत होतं.

मामा, भाच्याला पहिल्या दिवसापासून वही घालायला लावा.

टांगलेला_फॅन
बंडूशेठ, याच्यापुढे काही लिहायची सोय ठेवली नाहीत.

श्टुटगार्टात_सध्या
इकडे जर्मनीत पोरं आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि बाकीचे कारखान्यात असतात, पगारासह, साधारण तीन-साडेतीन वर्षं. २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून मला गावाकडून रोज फोन. सगळ्यांना सांगतो तेच इथे: आधी जर्मन भाषा, बी१-बी२ पातळीची. त्याशिवाय पुढचं बोलणं नको. एजंटाला पैसे तर अजिबात नकोत.

ओव्हरटाइम
भाच्याला कन्नडच अवघड जातंय, जर्मन कुठे काढता. (हलके घ्या.)

निवृत्त_निदेशक
मूळ मुद्द्यावर येतो. मामा, इलेक्ट्रिशियन लागला नाही तर तारतंत्री टाका विकल्पात. दोन वर्षांचाच आहे आणि वायरिंगचा परवाना, महावितरणची भरती, दोन्हीला चालतो. विद्युत सहाय्यकाच्या जाहिरातीत बारावीही मागतात, तेव्हा ट्रेड चालू असतानाच त्याचा विचार करा. दोन वर्षांचा ट्रेड पास झाल्यावर बोर्डाच्या भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता घेता येते. हे पोरांना तिसऱ्या वर्षी कळतं, जाहिरात निघाल्यावर.
घरोघरी सोलर बसतंय, शेतात सौरपंप. पुढची दहा वर्षं तारा ओढणाऱ्याला काम कमी पडणार नाही.

बेळगावची_सून
+१. आणि पहिल्या वर्षी तरी कोल्हापूरला खोली नको. १६ वर्षांचं पोर, कळंबा रोडवर चार मित्रांत. माझ्या भावाने आयटीआय कमी आणि मिसळ जास्त केली होती.

शेगडा
मिसळीत काय वाईट आहे?

हलकर्णीचा_मामा
(दीड महिन्याने) धागा वर काढतोय, क्षमस्व. ज्यांनी लिहिलं त्यांना कळवणं भाग आहे.

आम्ही तीन ठिकाणी जाऊन आलो. सुट्टी काढून मीही गेलो. पहिल्या ठिकाणी कपाटाची किल्ली खरंच सापडली नाही, मला सरांची आठवण होऊन हसू आलं, बहिणीने चिमटा काढला. दुसऱ्या ठिकाणी इमारत नवी, टाइल्स चकाचक, इलेक्ट्रिशियनचे सर मार्चपासून नाहीत. तिसऱ्या ठिकाणी, गडहिंग्लजच्या बाजूला, पत्र्याचं शेड, पावसाचं गळत होतं, बादली ठेवलेली. पण सर स्वतः पोरांबरोबर जमिनीवर बसून बोर्ड बांधत होते. भाच्याने विचारलं, बघू का? तर म्हणाले, बघू नको, तो स्क्रू-ड्रायव्हर दे.

दुसऱ्या फेरीला तिथलाच तारतंत्री पहिल्या नंबरवर टाकला आणि तिसऱ्या फेरीत लागला. पहाटेच्या एसटीने जातो, पासमध्ये सवलत आहे. वही घातली आहे, बंडूशेठ. पहिल्या पानावर शेजाऱ्याच्या बोअरचा स्टार्टर आहे.

एकच तक्रार. तारा शिकायला गेलेल्या पोराला तीन आठवडे नुसती कानस घासायला लावलीय. लोखंडाचा तुकडा आणि गुण्या. हाताला फोड आलेत. काय लावू विचारतोय.

निवृत्त_निदेशक
काही लावू नको म्हणावं. आणि त्याने कानस मुठीच्या बाजूने धरली नसेल, दुसरा हात टोकावर कुठे ठेवतो ते विचारा.

हलकर्णीचा_मामा
विचारलं. म्हणतो, ते तुला कसं माहीत?